वारा फुकट, शीड कोणाचे?

२९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरच्या बंदरातून एक जहाज मस्कतच्या दिशेने निघाले. त्याला इंजिन नव्हते. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींशी शिवलेल्या होत्या. ईशान्येचा वारा शिडांत भरून घेत भारतीय नौदलाच्या खलाशांनी ते अरबी समुद्रापलीकडे नेले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचविले. ‘कौंडिण्य’ हे त्या जहाजाचे नाव. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या लेण्यातील एका चित्रावरून बेतलेला, बांधणी गोव्यातील दिवाडी बेटावरची आणि हात केरळच्या कारागिरांचे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात समाविष्ट झाले होते.

या सफरीचे कौतुक झाले ते योग्यच झाले. तथापि समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या भूमसारख्या गावातील वाचकाला या बातमीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. ज्या तालुक्यात शेतकऱ्याची चिंता सोयाबीनच्या भावाची आणि खव्याच्या भट्टीसाठी लागणाऱ्या दुधाची, तेथे शिडाच्या जहाजाची चर्चा हा रिकामपणचा उद्योग वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः परिस्थिती याच्या उलट आहे. शिडांशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे, आणि जगाच्या व्यापारात शिडे पुन्हा येऊ लागली असताना ते नाते नव्याने तपासण्याची वेळ आली आहे.

तगरपासून समुद्रापर्यंत

भूमच्या आग्नेयेस, याच धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात पैठणबरोबर ‘तगर’ या मोठ्या व्यापारपेठेचा उल्लेख येतो. हे तगर म्हणजेच तेर, हे मत फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल तगरहून गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, असे तो व्यापारी सांगतो. तेथून पुढचा प्रवास शिडांचा. नैऋत्य मोसमी वाऱ्यावर पश्चिमेची जहाजे येत आणि ईशान्येच्या वाऱ्यावर माल घेऊन परत जात. पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या मूर्तींचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

यातून अभिमानापलीकडे एक अर्थशास्त्रीय बोध निघतो. समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाला बंदर नसते, पण बंदराचा भाव मात्र त्याला लागू असतो. बंदरातील भावातून वाहतुकीचा खर्च वजा जाता जे उरते, ते आतल्या मुलखातील उत्पादकाच्या पदरी पडते. दोन हजार वर्षांपूर्वी तगरच्या विणकराला हा नियम लागू होता. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा कापूस पिकविणाऱ्याला लागू झाला. आणि आज भूमच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन येणाऱ्याला तो तितकाच लागू आहे. समुद्रावरील भाडे कोणी, कशावर आणि किती आकारावे हा म्हणूनच केवळ किनाऱ्यावरच्यांचा प्रश्न नव्हे.

कोकणची शिडे का उतरली?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडांचा व्यापार फार जुना नाही अशा काळापर्यंत चालू होता. मचवे, पडाव, गलबते, फत्तेमाऱ्या अशी त्यांची अनेक नावे आणि अनेक घाट. मंगळुरी कौले, लाकूड, मीठ, भात, नारळ असा जड आणि कमी किमतीचा माल मुंबईस आणण्याचे काम ती करीत. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा, या दोहोंचा मेळ घालून तांडेल किनाऱ्याकिनाऱ्याने वाट काढी. पावसाळ्यात जहाजे ओढून किनाऱ्यावर शाकारून ठेवीत; नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात उतरत. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात या जहाजांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. केवळ शिडांवर चालता येईल इतके शीड ज्याला आहे ते शिडाचे जहाज, मग त्यात यंत्र बसविलेले असो वा नसो, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. आणि ‘तांडेल’ हा शब्दही त्या इंग्रजी कायद्यात थोड्या बदललेल्या रूपात शिरला होता.

पुढे जे घडले ते कोणाच्या कटाने घडले नाही. डिझेल इंजिन आले. त्याने वाऱ्यासाठी थांबण्याची गरज संपविली. आधी शीड मुख्य आणि यंत्र साहाय्यक होते. नंतर यंत्र मुख्य झाले आणि शीड शोभेपुरते उरले. शेवटी तेही गेले. इकडे रस्ते झाले, मालमोटार दारापर्यंत येऊ लागली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. खाड्या गाळाने भरल्या आणि एकेकाळी गजबजलेली लहान बंदरे मासेमारीपुरती उरली. हा बदल अपरिहार्य होता, असे आजही म्हणता येईल. मात्र तो एका गृहीतावर उभा होता, हे विसरता कामा नये. तेल स्वस्त राहील, आणि त्याच्या धुराची किंमत कोणालाच मोजावी लागणार नाही, हे ते गृहीत.

तेलाचा भाव आणि शिडांचे भवितव्य

या गृहीताला पहिला तडा १९७३ साली गेला. काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला आणि जहाज कंपन्यांचे हिशेब कोलमडले. १९८० साली जपानने ‘शिन आईतोकू मारू’ हे शिडे बसविलेले छोटे तेलवाहू जहाज पाण्यात उतरविले. त्याची शिडे संगणकाच्या आज्ञेने फिरत. इंधनाची बचत होते, हे त्याने सिद्ध केले. परंतु १९८६ च्या सुमारास तेलाचे भाव कोसळले आणि हे प्रयोग मागे पडले. त्याही आधी १९२६ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्लेटनर यांचे, शिडांऐवजी दोन फिरते उंच नळकांडे लावलेले जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले होते. तोही शोध स्वस्त इंधनापुढे टिकला नाही. तात्पर्य, शिडांचे तंत्र कधी हरले नव्हते; ती हरली ती सापेक्ष किमतीपुढे. म्हणूनच किंमत बदलली की ती परत येतात.

सध्याच्या पुनरागमनाचे तीन स्तर दिसतात. पहिला स्तर निव्वळ शिडांचा. नेदरलँड्सचे ‘ट्रेस ओम्ब्रेस’ हे इंजिन नसलेले जहाज २००९ पासून कॅरिबियन बेटांतील रम, कॉफी आणि कोको युरोपात आणत आले. त्याची क्षमता सुमारे ३५ टन, म्हणजे आपल्याकडील दोन मालमोटारींइतकी. दुसरा स्तर नव्या बांधणीच्या मोठ्या शिडांच्या जहाजांचा. फ्रान्सचे ‘अनेमोस’ हे ८१ मीटर लांबीचे, सुमारे हजार टन माल नेणारे जहाज ऑगस्ट २०२४ मध्ये ल हाव्रहून न्यूयॉर्ककडे निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये १३६ मीटर लांबीच्या ‘निओलायनर ओरिजिन’ने फ्रान्सहून अमेरिकेतील बाल्टिमोरची पहिली सफर केली. तिसरा आणि आर्थिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा स्तर आहे तो नेहमीच्या अजस्र मालवाहू जहाजावर साहाय्यक शीड बसविण्याचा. सुमारे ८० हजार टन क्षमतेच्या ‘पिक्सिस ओशन’ या जहाजावर ३७.५ मीटर उंचीची दोन ताठ शिडे बसविण्यात आली आणि २०२३ साली ते चीनहून ब्राझीलला गेले. पहिल्या सहा महिन्यांच्या अनुभवावरून दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचते, असे ते जहाज भाड्याने घेणाऱ्या कारगिल या कंपनीने जाहीर केले.

कारगिल ही धान्याचा व्यापार करणारी कंपनी, आणि ब्राझील हा सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार देश. भूमच्या शेतकऱ्याचा सोयाबीन ज्या बाजारभावाशी बांधलेला आहे, तो बाजार ज्यांच्या हाती आहे त्यांनी शिडांचा हिशेब मांडण्यास सुरुवात केली आहे, असा याचा अर्थ होतो.

खवा थांबत नाही, पेंड थांबते

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. पर्यावरणाची हौस असलेल्या श्रीमंत ग्राहकाला शिडांवरून आलेली कॉफी दुप्पट भावाने घेणे परवडते. ज्वारीच्या किंवा पेंडीच्या पोत्याला ते परवडणार नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ३५ टनांच्या जहाजाला लागणारे खलाशी, विमा आणि बंदराचा खर्च इतक्या थोड्या मालावर विभागला जातो की भाडे भरमसाट होते. असे जहाज आदर्श म्हणून वंदनीय आहे, पण व्यापाराचा भार ते उचलू शकणार नाही.

परंतु माल आणि वेळ यांचा संबंध सर्वत्र सारखा नसतो, ही दुसरी बाजू आहे. भूम तालुक्यातील भट्ट्यांवर तयार होणारा खवा त्याच दिवशी गाडीत चढला पाहिजे; त्याला वाऱ्याची वाट पाहता येत नाही. सोयाबीनची पेंड, सिमेंट, खत, कौले, मीठ, लाकूड या मालाला दोन दिवस उशीर झाला तर व्याजापलीकडे फारसे नुकसान होत नाही. ज्या मालाला धीर धरता येतो, त्याच्यासाठी वेगाची किंमत मोजणे ही उधळपट्टी होय. कोकणचा जुना व्यापार नेमका याच तत्त्वावर चालत होता. आता तर उपग्रहांमुळे वाऱ्याचा अंदाज काही दिवस आधी मिळतो आणि साहाय्यक यंत्र असल्याने जहाज वाऱ्यावाचून अडून राहत नाही.

आता थोडा हिशेब. दिवसाला ३ टन इंधन वाचते आणि प्रवास तीस दिवसांचा आहे, असे धरू. इंधनाचा दर टनाला ५०० डॉलर मानला तर एका सफरीत ४५ हजार डॉलर वाचतात. ही रक्कम ८० हजार टन मालावर विभागली आणि डॉलर ९० रुपयांचा धरला, तर टनाला सुमारे ५० रुपये, म्हणजे क्विंटलला ५ रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. त्या मानाने ५ रुपये म्हणजे काहीच नव्हे. शिडांमुळे शेतकऱ्याचे भाग्य उजळेल असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

धुराची किंमत कोण देणार?

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर इंधनाच्या भावात नाही, धुराच्या किमतीत आहे. जगाच्या व्यापारापैकी आकारमानाने सुमारे ८० टक्के माल समुद्रावरून जातो आणि हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर पैसे आकारण्यास सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली, २०५० च्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले. जगभर लागू होणाऱ्या आकारणीच्या आराखड्याला एप्रिल २०२५ मध्ये संमती मिळाली. मात्र त्याच्या अंतिम स्वीकृतीचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. निर्णय लांबला म्हणून प्रश्न टळला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

हाच हिशेब आता दुसऱ्या बाजूने पाहू. जहाज दिवसाला २५ टन इंधन जाळते असे धरले तर तीस दिवसांत ७५० टन इंधन जळते आणि त्यातून सुमारे २,३०० टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या सर्वांवर टनामागे १०० डॉलर आकारले, तर क्विंटलला सुमारे २६ रुपयांचा भार येतो. म्हणजे इंधनाच्या बचतीतून मिळणाऱ्या लाभाच्या पाचपट. आपला माल तर इतक्या मोठ्या जहाजाने क्वचितच जातो. लहान जहाजावर हा भार आणखी वाढेल.

कर कोणावर बसविला यापेक्षा तो शेवटी कोण सोसतो, हे पाहावे असे अर्थशास्त्र शिकविते. सौद्यात ज्याला नाही म्हणता येते तो आपला भार दुसऱ्यावर ढकलतो. ज्याला माल विकण्यावाचून गत्यंतर नसते तो तो सोसतो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि भाडी वाढली, तेव्हा आपल्या निर्यातदारांना याचा अनुभव आला. निर्यातदार तो भार खरेदीच्या भावातून वसूल करतो, आणि साखळीच्या शेवटी उभा असतो तो कोरडवाहू शेतकरी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्या भूम-परंड्याच्या शिवारांतून पिकांबरोबर मातीही वाहून गेली, तेथील शेतकऱ्याने जगाच्या जहाजांचा धूरही सोसावा आणि त्या धुराचा दंडही भरावा, हा न्याय नव्हे. धुरावर आकार बसू नये, असा याचा अर्थ नाही. आकार बसलाच पाहिजे. परंतु ज्याच्या जहाजाला शीड आहे त्याला तो कमी बसेल, आणि ते शीड बनविण्याची विद्या ज्याच्याजवळ आहे तो त्याची किंमत वसूल करील. या दोन्ही जागी आपण कोठे आहोत, हा खरा प्रश्न आहे.

बालाघाटचा धडा

वारा फुकट असतो; शीड फुकट नसते. हे समजण्यासाठी भूमच्या माणसाला समुद्रावर जाण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत धाराशिव आणि बीड जिल्ह्यांच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या वाऱ्याने पिढ्यान् पिढ्या केवळ जोंधळा लोळविला, त्याच वाऱ्याची आता वीज होऊन विक्री होते. पण पाती, यंत्र आणि भांडवल बाहेरचे. गावाच्या वाट्याला जमिनीचा मोबदला आणि त्यावरून होणारे वाद. वारा गावचा असला तरी त्याचे उत्पन्न यंत्राच्या मालकाचे होते, हा धडा बालाघाटाने शिकून घेतला आहे. समुद्रावर तो पुन्हा गिरविण्याचे कारण नाही.

कारण या बाबतीत आपण अगदीच रिक्तहस्त नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘तारिणी’ ही नौकाही गोव्याचीच. तिच्यातून महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ साली जगाला फेरी घातली. ‘कौंडिण्य’ने काथ्याची जुनी विद्याही जिवंत असल्याचे दाखवून दिले. नौका बांधणारे हात आहेत आणि ती हाकणारे खलाशी आहेत. उणीव आहे ती व्यापाराची सांगड घालणाऱ्या धोरणाची.

ते धोरण फार खर्चिक असण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने कोकणातील दोन-तीन लहान बंदरे निवडून, गाळ काढून, शंभर-दोनशे टनांच्या साहाय्यक शिडांच्या जहाजांची मुंबईपर्यंत प्रायोगिक वाहतूक सुरू करावी. आणि ज्या मालाला धीर धरता येतो तोच तिला द्यावा. आराखडे सार्वजनिक पैशातून तयार व्हावेत आणि सर्व कारागिरांना खुले असावेत. त्यांचे हक्क एकाच कंपनीला देऊ नयेत. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी पवनचक्कीचे पाते आणि जहाजाचे ताठ शीड यांच्या बांधणीतील साम्य ओळखून दोहोंचे शिक्षण एकत्र द्यावे. मग या कामात किनाऱ्यावरील मुलाइतकाच भूमच्या मुलाचाही वाटा राहील. आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताने धुरावरील आकारास केवळ विरोध न करता, त्यातून जमणाऱ्या पैशाचा निश्चित हिस्सा समुद्रापासून दूर असलेल्या गरीब उत्पादकांपर्यंत पोहोचावा, असा आग्रह धरावा.

यांपैकी काही प्रयोग फसतील, काही जहाजे तोट्यात जातील. युरोपातही तसेच होणार आहे. परंतु न केलेल्या प्रयोगाचा तोटा वहीत दिसत नाही म्हणून तो होत नाही असे नव्हे. १९७३ नंतर जपानने शिडे उभारली आणि पुढे तेल स्वस्त झाल्यावर उतरविली, तरी ज्ञान त्याच्यापाशी राहिले. आपण मात्र शिडांबरोबर ज्ञानही किनाऱ्यावर कुजू दिले.

तगरच्या विणकराने समुद्र पाहिला नसेल. त्याच्या मलमलीची किंमत मात्र भडोचच्या धक्क्यावर आणि त्यापलीकडच्या वाऱ्यावर ठरत होती. त्याला त्या किमतीत बोलण्याचा अधिकार होता की नाही, हे इतिहास सांगत नाही. भूमच्या सोयाबीन उत्पादकाला तो असावा की नसावा, हे ठरविणे मात्र अजून आपल्या हाती आहे.